ठोकळ्याचे मनोगत

(दहावी, मार्च १९८३ तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मघाशी माझं नाव पुकारलं गेलं, तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, "आला रे ठोकळा!" त्रेचाळीस वर्षांनी ते नाव ऐकून मला आनंद झाला. पण तो माझ्या चेहऱ्यावर दिसला नसणार, म्हणून तोंडाने सांगतो. आनंद झाला.

ज्यांना हे टोपणनाव आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वर्गात कुणी विनोद केला, कुणी पडलं, कुणाला मार बसला, तरी माझ्या चेहऱ्यावरची माशी हलायची नाही. त्यावरून ठोकळा. मी त्याच चेहऱ्यावर नोकरी केली. सरकारी दवाखान्यात एक्स-रे तंत्रज्ञ म्हणून ३७ वर्षं काढली आणि गेल्या वर्षी निवृत्त झालो. आयोजकांनी "जीवनात काय शिकलात ते दहा मिनिटांत सांगा" असं कळवलं आहे. मला एवढ्या एकाच विषयातलं कळतं, तेव्हा त्याच्यावरच बोलतो.

हा चेहरा मला कुठे मिळाला, ते आधी सांगतो. काष्टीचा बैलबाजार तुम्हा सर्वांना माहीत आहे. मी नववीत असताना आमच्या विहिरीला पाणी लागलं नाही, आणि सोसायटीचं कर्ज थकलं. अण्णांनी जोडीतला एक बैल, पाखऱ्या, विकायला काढला. मला बरोबर नेलं. वाटेत म्हणाले, "तोंडावर काही दिसू देऊ नको. गरज दिसली की भाव पडतो."

बाजारात तेव्हा भाव तोंडाने ठरत नसे. दलाल आणि मालक एकमेकांचा हात धरायचे, वरून उपरणं टाकायचे, आणि खाली बोटं दाबून आकडे सांगायचे. भोवती वीस माणसं उभी असली तरी काय चाललंय ते त्या दोघांनाच ठाऊक. उपरण्याखाली बोटं बोलत असायची आणि वर दोन चेहरे, जणू एस.टी.ची वाट बघत उभे आहेत. त्या दिवशी अण्णांचा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला. घरात ज्या बैलाला स्वतःच्या आधी वैरण घालायचे, त्याचा सौदा करताना त्यांची पापणीही लवली नाही. विसार हातात आला, कासरा दुसऱ्याच्या हातात गेला. पाखऱ्याने मान वळवून मागे पाहिलं. अण्णा म्हणाले, "चल." आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली. अण्णा गोठ्यात होते. सवयीने त्यांनी दोन्ही गव्हाणींत वैरण टाकली होती, आणि रिकाम्या दाव्यापाशी दोन्ही हातांनी मेढ धरून ते उभे होते. खांदे हलत होते. मी दाराआडून पाहिलं. त्यांनी मला पाहिलं, ते मी पाहिलं. पुढे ते वीस वर्षं जगले, पण त्या पहाटेबद्दल आम्ही बापलेक एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. दोन वर्षं चुलत्याच्या बैलाशी सावड करून पेरणी झाली, तेव्हाही नाही.

त्याच सोमवारी मी शाळेत उशिरा आलो, गृहपाठही झालेला नव्हता. एका सरांनी हात पुढे करायला सांगितला. नाव घेत नाही, ते आज आपल्यात नाहीत. चार छड्या बसल्या. मी सरांकडे बघत उभा राहिलो. "काहीच वाटत नाही का तुला? कोडगा आहेस," असं म्हणून आणखी दोन दिल्या. वाटत नव्हतं असं नाही. पण दोनच दिवसांपूर्वी शिकलो होतो की तोंडावर दिसलं की भाव पडतो. बाजारात जे शहाणपण होतं ते वर्गात कोडगेपण ठरलं. चेहरा तोच होता.

मित्रहो, हे झाकणं काही आपल्या गावाने शोधून काढलेलं नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात मनात येऊन जाणारे तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले आहेत, त्यांत एकाचं नाव आहे 'अवहित्थ'. अवहित्थ म्हणजे मनातलं बाहेर दिसू न देणं. लाज, भीती, हार, मोठेपणा, कपट या कारणांनी माणूस असं करतो, आणि ते नटाने दाखवायचं कसं, तर भलताच विषय काढून, बोलणं मध्येच तोडून, उसना धीर आणून. म्हणजे लपवणं हीसुद्धा एक भावनाच आहे, हे आपल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं. कोरा चेहरा म्हणजे आत काही नाही, असं त्यांनी मानलं नाही. तसं आमच्या सरांनी मानलं, आणि पुढे मीही मानलं. त्याचं सांगतोच.

आता आपल्या जिल्ह्यातलीच एक गोष्ट. नगरचा भुईकोट किल्ला आपण सहलीत बाहेरून पाहिला होता. १९४२च्या ऑगस्टमध्ये मुंबईत काँग्रेसच्या पुढाऱ्यांना पकडून इथे आणून ठेवलं. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथे लिहिलं, एवढं आपण परीक्षेत लिहीत आलो. पण त्याच तुकडीत तेव्हाचे काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना आझादही होते. त्यांच्याबद्दल मला कळलं ते फार उशिरा. रात्रपाळीला आमच्याबरोबर एक औषधनिर्माता असायचे. त्यांना उर्दू येत होतं. मौलानांचं 'गुबार-ए-खातिर' हे पत्रांचं पुस्तक ते मला वाचून अर्थ सांगायचे.

मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्याला आजारी होत्या. मौलाना ऑगस्टच्या सुरुवातीला मुंबईकडे निघाले, तेव्हा त्या दारापर्यंत पोचवायला आल्या. निरोपाच्या शब्दापलीकडे काही बोलल्या नाहीत. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण त्यांच्या चेहऱ्यावरून सगळं कळत होतं, असं मौलानांनी लिहिलं आहे. १९४३च्या मार्चमध्ये त्यांची तब्येत बिघडल्याची बातमी किल्ल्यात पोचली. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचवलं की सरकारला काही कळवायचं असेल तर सांगा. मौलानांनी नाही म्हणून सांगितलं. नेहरू येऊन बराच वेळ बोलले. त्यांनाही तेच उत्तर.

पुढचा भाग ऐकताना मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. वर्तमानपत्र दुपारी यायचं. जेलर ते घेऊन निघाला की त्याच्या पावलांच्या आवाजाने मौलानांच्या छातीत धडधड सुरू व्हायची. पण त्यांच्या आसनाची पाठ दाराकडे होती. माणूस आत येऊन समोर उभा राहीपर्यंत त्याला चेहरा दिसत नसे. तेवढ्या वेळात ते सावरायचे. जेलर समोर आला की नेहमीसारखं हसून, पेपर टेबलावर ठेवा अशी खूण करायची आणि पुन्हा लिहीत बसायचं, जणू बघायची काही घाई नाही. ९ एप्रिल १९४३ला दुपारी तार आली. बेगम गेल्या होत्या. छत्तीस वर्षांचा संसार संपला होता.

दोन दिवसांनी, ११ एप्रिलला, मौलानांनी हे सगळं एका मित्राला पत्रात लिहिलं. आपलं ते शांत दिसणं हे मनातल्या अहंकाराने केलेलं नाटक होतं, धीर सुटलेला कुणाला दिसू नये म्हणून केलेलं, अशी कबुलीही दिली. किल्ल्याच्या आवारात कुणाची तरी एक जुनी कबर होती. रोज नजरेखालून जाणाऱ्या त्या कबरीबद्दल आता वेगळीच माया वाटू लागली, असंही लिहिलं. हे पत्र ज्या मित्राला लिहिलं, त्या हबीबुर रहमान खान शेरवानींना ते पाठवता येणार नाही, हे मौलानांना माहीत होतं. तरी लिहिलं. १९४६ साली पुस्तक छापलं गेलं.

जेलरला चेहरा दाखवला नाही हे मला पटलं. समोर सरकार होतं, गरज दिसली की भाव पडला असता. अण्णांना हे एका वाक्यात समजलं असतं. पण मौलाना तिथे थांबले नाहीत. मागे पत्राची एक खोली ठेवली, आणि तिथे चेहरा सोडला. अण्णांना गोठा होता. आणि मला, तुम्हाला हसू येईल, डार्करूम होती.

एक्स-रेचं काम पूर्वी कसं चालायचं ते सांगतो. फोटो काढला की फिल्म घेऊन डार्करूममध्ये जायचं, दार आतून लावायचं. फक्त लाल दिवा. फिल्म हँगरला लावून डेव्हलपरमध्ये बुडवायची, चार-पाच मिनिटांनी पाण्यातून काढून फिक्सरमध्ये. त्या लाल उजेडात फोटो हळूहळू उमटतो. म्हणजे रोग सगळ्यांत आधी मला दिसायचा. डॉक्टरांच्या आधी, ज्याचा रोग त्याच्याही आधी. आणि नियम असा की तंत्रज्ञाने रोग्याला निदान सांगायचं नाही. तो नियम योग्यच आहे, कारण माझी नजर चुकू शकते. पण रोग्याला एवढं पक्कं ठाऊक असतं की आतून येणाऱ्या माणसाला कळलेलं आहे. मी दार उघडलं की बाकावरचा माणूस हातातल्या फिल्मकडे बघत नसे, माझ्या तोंडाकडे बघायचा. "साहेब, काही आहे का?" चेहऱ्यावरची एक रेघ हलली तरी त्याने तिचा अर्थ लावला असता. चांगल्या फोटोलाही हसायची सोय नव्हती, कारण मग न हसलेल्याला कळलं असतं. म्हणून सगळ्यांना एकच चेहरा. मात्र दार लावल्यावर आत मी कितीतरी वेळा मटकन खाली बसलो आहे. हात कोपरापर्यंत ओले असल्यामुळे डोळे पुसायला खांदाच वापरावा लागायचा.

एकदा साधारण सत्तरीचे एक गृहस्थ खोकला घेऊन आले. मी वर पाहिलं तर आमचे सर. तेच, सहा छड्यांचे. "छातीचा फोटो सांगितलाय रे," म्हणाले. मी त्यांना उभं केलं, "श्वास घ्या, धरा, सोडा" म्हटलं, आणि आत गेलो. लाल दिव्यात उजवीकडे वरच्या बाजूला जे दिसलं, ते मी आधी शेकडोंच्या छातीत पाहिलेलं होतं. फिल्म धुतली. नेहमीपेक्षा जास्त वेळ धुतली. बाहेर आलो.

सर माझ्याकडे बघत होते. "काय दिसतंय?"

"फिल्म ओली आहे सर. डॉक्टर बघून सांगतील."

थोडा वेळ ते बघत राहिले. मग म्हणाले, "तू होतास तसाच आहेस. तेव्हाही काही कळू दिलं नाहीस."

त्या वाक्यावर मी इतक्या वर्षांत केलं नव्हतं ते केलं. आमच्या मामांना सांगितलं, दहा मिनिटं कुणाला आत पाठवू नका, आणि सरांच्या शेजारी बाकावर बसलो. फोटोबद्दल एक अक्षर बोललो नाही. पाखऱ्याचं सांगितलं. काष्टीचा बाजार, उपरण्याखालची बोटं, दोन गव्हाणींतली वैरण, आणि त्यानंतरचा सोमवार. घरातसुद्धा मी हे कुणाला सांगितलेलं नव्हतं. सरांनी माझा हात घेतला, तळवा उलटा-सुलटा करून पाहिला, जणू वळ अजून असतील. म्हणाले, "मला सांगायचं ना रे." मी म्हटलं, "कसं सांगणार सर?" ते म्हणाले, "खरं आहे. मीच विचारायला पाहिजे होतं."

डॉक्टरांनी बोलावेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो. सरांना काय कळायचं ते कळलं असावं. पण माझ्या चेहऱ्यावरून नाही. मी नियम मोडला नाही, फक्त उठून गेलो नाही. नोकरीच्या ३७ वर्षांत मला काही जमलं असेल, तर ती दहा मिनिटं.

पुढे संगणकावरचे एक्स-रे आले. फोटो पडद्यावर दिसू लागला, फिल्म, फिक्सर, लाल दिवा सगळं गेलं. आमच्या डार्करूममध्ये जुनी रजिस्टरं भरली. काम सोपं झालं, आणि माझी दार लावायची जागा गेली. तेव्हा कळलं नाही, पण मी तोच चेहरा घेऊन घरी जायला लागलो. मुलीला नोकरी लागली त्या संध्याकाळी ती पळत सांगायला आली. मी म्हणालो, "बरं." ती थोडा वेळ उभी राहिली आणि आत जाऊन रडली. बायको मला म्हणाली, "दवाखान्यातलं तोंड दवाखान्यात ठेवून येत चला." दुःख दिसू नये म्हणून लावलेल्या दाराने आनंदही आतच कोंडला होता.

यावर शास्त्रज्ञांनी प्रयोगही केले आहेत. १९९०च्या दशकात अमेरिकेत जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना चित्रफिती दाखवल्या आणि त्यांतल्या काहींना सांगितलं, मनात काय चाललंय ते तोंडावर दिसू देऊ नका. चेहरे बऱ्यापैकी कोरे राहिले. पण दुःखाची चित्रफीत बघताना दुःख लपवलं म्हणून ते कमी झालं नाही, आणि यंत्रांवर पाहिलं तर शरीराच्या आतला ताण उलट वाढलेला होता. बाहेर माशी हलत नाही, तेव्हा आत बैल उधळलेला असतो.

मग स्थितप्रज्ञाचं काय, असं एखादे सर विचारतील. आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, १२९०मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञ येतो. माझ्या अल्पबुद्धीला एवढंच कळतं की त्याचं आधी मन शांत होतं, चेहरा मागाहून. आपलं उलटं असतं. चेहरा शांत, आणि मन काष्टीच्या बाजारात. ती शांती नव्हे, हे मौलानांनी स्वतःबद्दल लिहून ठेवलं. माझ्यासारख्याला लोक "फार स्थिर माणूस" म्हणत आले, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आणखी एक सूचना, दवाखान्यातला माणूस म्हणून. आपण सगळे साठीला टेकलो आहोत. या वयात कुणाचा चेहरा हळूहळू थिजल्यासारखा झाला, पापण्या कमी लवू लागल्या, बोलणं बारीक झालं, तर त्याला तुसडा किंवा गर्विष्ठ समजू नका. कंपवाताच्या आजारात चेहऱ्याचे स्नायू असे आखडतात, कधी हात थरथरायच्या आधीच. त्याला डॉक्टरकडे न्या.

शेवटी माझी एक चूक कबूल करतो. २०२१ साली, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आपल्यातल्या एकाच्या घरातलं माणूस गेलं. ग्रुपवर आपण सगळ्यांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली. त्याने सगळ्यांना जोडलेले हात पाठवले, आणि आठ दिवसांनी तो पुन्हा सकाळी 'शुभ प्रभात' टाकू लागला. मी मनात म्हटलं, सावरला. मी, ज्याने आयुष्यभर हेच केलं, त्याने तेच ओळखलं नाही. फोन केला नाही. सरांचं "मीच विचारायला पाहिजे होतं" ऐकलेलं असूनही. तो आज इथे आहे. जेवणाच्या वेळी मी त्याच्या शेजारी बसणार आहे. पाच वर्षं उशीर झालाय, पण सरांना तर सत्तावीस लागली.

तुम्हालाही एवढीच विनंती. "कसा आहेस?" याला पहिलं उत्तर "मजेत" येतं. ते बाजारातलं उत्तर आहे, त्यावर रागावू नका. थोडं थांबून पुन्हा विचारा. आणि ज्याला विचारलं जाईल त्याने लक्षात ठेवावं की इथे कुणी दलाल नाही. इथे गरज दिसली म्हणून कुणाचा भाव पडणार नाही.

छातीच्या फोटोला मी रोग्याला सांगायचो, "श्वास घ्या, धरून ठेवा." तो धरायचा क्षणभर असतो. पण नव्या माणसाला घाबरून श्वास सोडायचं भानच राहत नाही. फोटो होऊन गेला तरी तो तसाच ताठ उभा. म्हणून आम्हाला शिकवलं होतं की तिसरा शब्द विसरायचा नाही, मोठ्याने म्हणायचा.

मित्रांनो, फोटो झाला. सोडा.